दिवेलागणीपर्यंत

चंदगडची गाडी फलाटाला लागली तेव्हा कृष्णात गर्दीच्या मागं उभा होता. एरवी आईला उतरवून घ्यायला तो दारापर्यंत घुसला असता. आज मात्र तिची गाडी चुकली असावी, निदान ती दुपारच्या गाडीनं येत असावी, अशी वेडी आशा मनात धरून तो लांबूनच बघत होता. पण तानाबाईची गाडी आयुष्यात कधी चुकली नव्हती. गाडी सुटायच्या तासभर आधी येऊन रस्त्याकडेला बसणारी बाई ती. उराशी कापडी पिशवी धरून ती खाली उतरली आणि पोरगा दिसताच म्हणाली, "येळंत आली न्हवं गाडी?"

"आली की," कृष्णात म्हणाला.

कार्यक्रम चारला होता. कृष्णातच्या बायकोला, तेजस्वीला, सातवा महिना लागला होता आणि आज तिचं डोहाळजेवण होतं. आईला ते त्यानंच हौसेनं पंधरा दिवसांपूर्वी फोनवरून कळवलं होतं. घोडं अडलं ते काल रात्री. सासूबाई हार-गजऱ्यांचा हिशेब करता करता सहज बोलाव्यात तशा बोलल्या, "विहीणबाईंना दिवेलागणीनंतरच आणा. ओटी भरताना घरात पांढरं कपाळ नको. आणि त्या काय आणतील ते बाजूला ठेवू, ओटीत नको. मागच्या वेळचं ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ठाऊक कसं नसेल? गेल्या वर्षी तेजस्वीचं पोट तिसऱ्या महिन्यात रिकामं झालं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस ती भिंतीकडं तोंड करून झोपायची. त्यामुळं सासूबाईंच्या बोलण्यावर कृष्णातनं नुसती मान हलवली. सासरे हंबीरराव पेपरात डोकं घालून बसले. तेजस्वीनं एकदा नवऱ्याकडं बघितलं आणि नजर खाली वळवली. कसबा बावड्यातल्या ज्या दोन खोल्यांत हे बोलणं चाललं होतं त्या हंबीररावांनीच बांधून दिल्या होत्या, आणि कृष्णातची साखर कारखान्यातली नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागली होती. ऊस वजनकाट्यावरचा कारकून. दिवसभर ट्रॅक्टरवाल्यांचा आरडाओरडा ऐकून घ्यायचा आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, ही सवय त्याला तिथं लागली की तो जन्मतःच तसा होता, कोण जाणे. सकाळी उठल्या उठल्या त्यानं गावच्या दूध डेअरीत फोन लावला. पण तानाबाई पहिल्याच गाडीनं निघाल्याचं डेअरीवाल्यानं सांगितलं. मग सासूबाईंनीच तोड काढली. म्हणाल्या, एवढी येतात तर फिरवून आणा की त्यांना, कोल्हापूर तरी बघून होईल.

"घरात आचारी आलाय, पाय ठेवायला जागा न्हाय," कृष्णातनं आईला सांगितलं. वाक्य त्यानं स्टँडवर येतानाच घोकून ठेवलं होतं. "तवर तुला कोल्हापूर दावतो."

तानाबाईला नवल वाटलं. आजच्याच दिवशी कुठं कोल्हापूर बघायचं, दुसऱ्या दिवशी ते कुठं पळून जाणार आहे काय, असं तिनं विचारलं. पिशवी तरी घरात टाकून येऊ, असंही म्हणाली. पण मुलगा रिक्षाला हात करून मोकळा झाला होता. रिक्षात बसल्यावर तिनं फारसं विचारलं नाही. बाहेर बघत राहिली. चार तासांच्या अंतरावर जन्म काढून तिनं बघितलेलं कोल्हापूर म्हणजे हे स्टँड आणि सरकारी दवाखाना. कृष्णात चौथीत असताना त्याच्या बापाला, पिराजीला, त्या दवाखान्यात घातलं होतं. व्हरांड्यात सतरंजी टाकून तिनं दिवस काढले आणि शेवटी त्याला जीपमधून गावाकडं नेलं ते कपड्यात गुंडाळूनच. तिच्या लेखी कोल्हापूरला फिनेलचा वास होता. राजवाड्याच्या कमानीतून आत शिरताना तिनं पदर नाकाला लावला, तेव्हा कृष्णातला ते आठवलं.

नवा राजवाडा तिनं नीट बघितला. पोरगा दाखवतोय म्हणून प्रत्येक कपाटापुढं थांबली. तलवारी बघितल्या, अंबारी बघितली. पेंढा भरलेल्या वाघाकडं मात्र बराच वेळ बघत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मेल्यावर तरी निजू द्यायचं हुतं बिचाऱ्याला." कृष्णात हसला, पण त्याचं सगळं लक्ष घड्याळात होतं. घरी आता पाट मांडत असतील. पहिली ओटी खरं म्हणजे पोरीच्या सासूनं भरायची, मानच तिचा. तो मान आज तेजस्वीच्या मावशीला गेला होता, आणि ज्या बाईचा तो होता तिला तिचा मुलगा मेलेला वाघ दाखवत होता. हे मनात आलं तसं त्याला तिथं थांबवेना.

पिशवी तिनं एकदाही त्याच्या हातात दिली नाही. बाकावर बसली तरी मांडीवरच. पिशवीत काय आहे ते मात्र तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं. गडहिंग्लजच्या दुकानातून आणलेली हिरवी साडी होती, नारळ होता, घरचा तांदूळ होता. आणि काजूगर होते, तिनं स्वतः भाजून, फोडून, सोलून आणलेले. काजूच्या चिकानं तिची बोटं काळी पडून सालटली होती. जेवायचं विचारलं तर नको म्हणाली. "आज घरात गोडाधोडाचं असणार. तितंच जेवू की सगळी मिळून." कृष्णातनं चहा मागवला. स्वतःचा कप त्यानं अर्धाच ठेवला.

साडेतीनला ते अंबाबाईच्या देवळात आले. दर्शनाच्या रांगेत ओट्या घेतलेल्या बायकाच बायका होत्या. कुणाच्या ताटात खण-नारळ, कुणाच्या हिरव्या बांगड्या. तानाबाई पिशवी सांभाळत पायावर पाय बदलत उभी होती. तिचे गुडघे दुखत होते, ते तिच्या तोंडावरून दिसत होतं. आणि ती साडी घरी गेल्यावर कुठं जाणार हे कृष्णातला माहीत होतं. पलंगाखालच्या ट्रंकेत. तिथून ती कधी बाहेर येणार नव्हती. त्यापेक्षा देवीच्या पायावर पडली तर आईच्या कष्टाचं काहीतरी होईल, असं त्याला मनापासून वाटलं. चांगल्या मनानंच तो बोलून गेला.

"आये, ती साडी हितंच वाहूया की देवीला."

"ही देवीची न्हाय. पोरीची हाय."

"व्हय, पण देवीला चालतंय," कृष्णात म्हणाला.

शब्द बाहेर पडले आणि मग त्यांचा अर्थ त्याला कळला. देवीला चालतंय, म्हणजे कुणाला तरी चालत नाही. एवढं कळायला शाळा शिकावी लागत नाही, आणि तानाबाई तर वीस वर्षं हेच शिकत आली होती. तिनं मुलाकडं बघितलं. त्याच्या नव्या शर्टाकडं, हातातल्या घड्याळाकडं. मग मान पुढं वळवली आणि रांगेबरोबर एक पाऊल पुढं सरकली. देवीपुढं तिनं हात जोडले, डोळे मिटून पुटपुटत बराच वेळ उभी राहिली. पुजाऱ्यानं पुढं व्हायला सांगितलं तेव्हा हलली. पिशवी तिनं उघडली नाही.

तिथून ते रंकाळ्यावर गेले. घाटाच्या पायरीवर ती बसली, चपला काढून पाय चोळू लागली. मागं भेळेच्या गाड्या लागत होत्या. कॉलेजची पोरं-पोरी कठड्यावर बसून खिदळत होती. उन्हं अजून चांगली वर होती.

"किती वाजंपतोर फिरव म्हणालीत?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. गाडीची वेळ विचारावी तसं विचारलं.

खोटं बोलायला आता काहीच उरलं नव्हतं. पाण्याकडं बघत कृष्णात म्हणाला, "दिवेलागणीपतोर."

तानाबाईनं पाय चोळायचे थांबवले. मग एकेक शब्द सावकाश काढत बोलली. "फोनवर सांगायचं की लेकरा. तुज्या चुलत्याच्या तिन्ही पोरींच्या ओट्या झाल्या आपल्या घरात. म्या चुलीफुडनं पाय हालवला न्हाय. बायका सोप्यात बसायच्या, म्या आत पोळ्या लाटायच्या. गाणी तेवढी आयकू यायची. मला तेवढं पुरतंय. आजबी पुरलं असतं. साडी तर म्या हातानं देणारच न्हवते. कुणातरी सवाष्णीच्या हातनं घाला म्हणणार हुते."

ती रडली असती, भांडली असती, तर कृष्णातला सोसलं असतं. भांडणारी माणसं त्याच्या सवयीची होती. पण आपली आई स्वतःच्या सुनेच्या घरात नुसती स्वयंपाकघराचा कोपरा मागत होती, आणि तेवढाही आपण तिला मिळवून दिला नाही, हे त्याच्या काळजाला झोंबलं. लाजेनं त्याचे कान तापले. तो ताडकन उठला आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिच्या हातातली पिशवी त्यानं ओढून घेतली.

"ऊठ. आत्ता जाऊया घरी. बघू कोण काय म्हणतंय. घर ऱ्हाईना झालं तरी चालंल, नोकरी जाऊंदे गेली तर."

हे सगळं तो खरंच बोलत होता. तीस वर्षांच्या आयुष्यात एवढ्या मोठ्यानं तो कधी बोलला नसेल. कठड्यावरची पोरं वळून बघू लागली. तानाबाईही त्याच्याकडं बघत राहिली. तिचा चेहरा क्षणभर उजळला, निदान कृष्णातला तसं वाटलं. मग तिनं त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"आता नगो," ती म्हणाली.

"का? माझं घर हाय ते."

"तुजं हाय रं. पन आता मला ठावं झालंय. ठावं नसताना गेलं तर देव पदरात घेतोय. आता जाणूनबुजून उंबऱ्यात पाय टाकला आन् पोरीला काय कमीजास्त झालं तर? मागल्या बारीवानी झालं तर?" ती थांबली. काळी पडलेली बोटं तिनं एकमेकांत घट्ट गुंतवली. "ईनबाई म्हणू देत न्हायतर ऱ्हाऊ देत. मीच म्हणीन, तानाबाई, तुज्या पायानं झालं."

कृष्णातला काहीतरी बोलायचं होतं. असं काही नसतं, आये, एवढंच वाक्य. ते त्याच्या ओठापर्यंत आलं. पण गेल्या वर्षी दवाखान्याच्या पलंगावर गप्प पडून राहिलेली तेजस्वी त्याच्या डोळ्यांपुढं उभी राहिली आणि त्याची जीभ रेटेना. एवढा धीर त्याच्यातही नव्हता. आणि आपण गप्प बसलो ते आईला दिसलं, हेही त्याला कळलं.

त्यानं घड्याळात बघितलं. पाच वाजून गेले होते. घरी आता तेजस्वीला फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवलं असेल, गाणी सुरू झाली असतील. उन्हं पाण्यावर तशीच पडली होती, खाली जायचं नाव घेत नव्हती.

"आन् काय बघायचं ऱ्हायलंय का कोल्हापुरात?" तानाबाईनं विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली. राजवाडा झाला होता, देऊळ झालं होतं, तळं समोर होतं. यापलीकडं काय दाखवायचं ते त्याला खरोखरच सुचेना.

"मग जे दावलंस तेच परत एकदा दाव," ती म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून उठली, चपला पायात सरकवल्या, आणि त्याची वाट न बघता तळ्याच्या कडेनं पुढं चालू लागली.