न पिळलेला रस

कतारमधल्या अल खोरला लेकाकडे आले तेव्हा मनात एकच हौस होती, नातीच्या तोंडून आपली बोली ऐकायची. शफा नऊ वर्षांची. तिला सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच. मी काय गप्प बसणारी! ताहेरुन्निसाच्या तोंडाचा पट्टा आमच्या रत्नागिरीत सगळ्यांना माहीत आहे. सकाळ-संध्याकाळ तिच्या मागे लागायचे, "बोल की गो! शाळेत काय झाला, तां सांग की!" मी जितकी मागे लागले तितकी ती मिटत गेली. तीन महिने असेच गेले. आता रविवारी माझं विमान होतं.

शुक्रवारी शाळेला सुट्टी. लेक इरशाद कंपनीच्या बसने ड्युटीवर गेलेला, सून तसनीम क्लिनिकमध्ये. घरात आम्ही दोघीच, आणि टेबलावर पिशवीभर रानटी सफरचंदं. इरशादच्या ऑफिसातल्या लेबनानी माणसाने गावाहून आणलेली. आवळ्याएवढी, आणि आंबट इतकी की एक चावलं तर माझा उरलासुरला दात हलला. मी ती टाकून द्यायला निघाले, तर शफा टॅब्लेटवरचा व्हिडिओ दाखवत आडवी आली. "दादी, जेली!"

म्हटलं, चला, निदान काहीतरी मागितलं पोरीने.

अर्धी सफरचंदं चिरली, बियांसकट पाण्यात शिजवली, मलमलच्या फडक्यात ओतली. आणि चाळीस वर्षं नारळाचं दूध काढलेल्या हातांनी जे करायचं तेच केलं. फडकं आवळून करकचून पिळलं.

"नो दादी! डोन्ट स्क्वीझ!" शफा किंचाळली.

"पिळल्याशिवाय रस काय आपल्या पायांनी येतो?" मी पण चढले. स्वयंपाकात मला शिकवायला माझी सासूसुद्धा धजली नव्हती. पण साखर घालून उकळलं तेव्हा भांड्यात दिसला तो गढूळ चिखल. शफाचे डोळे भरले. तिने उरलेली सफरचंदं माझ्यासमोर सरकवली.

उरलेली सफरचंदं तिच्या पद्धतीने शिजवली. स्टूल उलटं ठेवलं, त्याच्या चार पायांना फडक्याची चार टोकं बांधली, खाली पातेलं. पोरीने माझ्याकडे बोट रोखलं. म्हणजे हात लावायचा नाही. मी हात मांडीखाली दाबून जमिनीवर बसले. ती शेजारी बसली.

टप्. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्.

दुपारची जोहरची नमाज झाली, उन्हं कलल्यावर असरची झाली. मी नमाजेला उठायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. हात शिवशिवत होते. तिला काहीतरी बोलायला लावावं म्हणून जीभही शिवशिवत होती. पण थेंब पाहता पाहता कधीतरी विसरले. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न करता बसले होते, आणि पातेलं आपसूक भरत होतं. शफाचं डोकं कधी माझ्या खांद्यावर आलं, कळलंच नाही.

रस निघाला तो पाण्यासारखा नितळ, जेमतेम पिवळसर. तेवढीच साखर घालून गॅसवर ठेवला. फेस आला, तो मी काढत राहिले. आणि मग तो रंग बदलायला लागला. आधी मधासारखा, मग केशरी, आणि बघता बघता डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. खिडकीतलं ऊन डावातून पडणाऱ्या धारेतून आरपार आलं आणि समोरच्या पांढऱ्या फरशीवर एक लाल डाग हलायला लागला. "सुभानल्लाह," मी म्हणाले. साठीच्या पुढे आले, हजारदा चूल पेटवली, पण असं काही माझ्या हातून कधी झालं नव्हतं. खरं तर माझ्या हातून झालंच नव्हतं. अंगावर काटा आला.

शफा टाचा उंचावून पातेल्यात बघत होती. तोंड उघडंच राहिलेलं.

"दादी, आपन तं लाल काय घातलाच नाय. मग ह्यो लाल कुठसून आला गो?"

"आतच व्हता, बाय," मी म्हणाले.

उत्तर देऊन झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, तिने काय विचारलं आणि कशात विचारलं. शब्द माझेच, हेलही माझाच. डोळे भरून आले. तिला उचलून घ्यावं, "पुन्हा बोल, पुन्हा बोल" म्हणावं असं वाटलं.

मी ओठ मिटले आणि डाव हळूहळू फिरवत राहिले.