नारळ फुटला तिथं बोअर

रेवणसिद्धला नोकरी लागली त्या दिवशी त्याच्या बापानं, बसलिंगप्पानं, मुखेडच्या बाजारात ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसांना थांबवून पेढे वाटले. "पोरगा लातूरला साहेब झाला," म्हणाला.

साहेब कसला! जिल्हा नवा झालेला. निम्म्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत, माणूसबळ नाही, आणि डोक्यावर दुष्काळ. नांदेडच्या कॉलेजातून भूगर्भशास्त्र घेऊन बीएस्सी झालेला पोरगा हाताला लागला, तर त्याला पाण्याच्या खात्यात तात्पुरता चिकटवला. काम एवढंच, गावोगाव जायचं, दगड बघायचा, उतार बघायचा आणि बोअर कुठं मारायचा ती जागा दाखवायची. 'तात्पुरता' हा शब्द बसलिंगप्पानं बाजारात काढला नाही. करडवाडीचे पुढारी भगवानराव, त्यांनी शब्द टाकला म्हणून काम झालं, हे मात्र छाती फुगवून सांगितलं.

कचेरीत त्याला खुर्ची नव्हती. व्हरांड्यात एक पत्र्याची पेटी होती, तिच्यावर बसायचं. शिपाई त्याला "ए पोरा" म्हणायचा आणि गावात गेलं की म्हातारी माणसं "साहेब, साहेब" करत पाया पडायची. दोन्ही ऐकून त्याला ओशाळल्यासारखं व्हायचं. पहिल्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी त्याला आत बोलावून शिकवण दिली होती.

"तू फक्त दगडं बघत जा. माणसं बघायला आम्ही हावोत."

त्याचा अर्थ कळायला त्याला दोन महिने लागले. जागा तो दाखवायचा, बोअर भलतीकडंच पडायचा. कुणाच्या गोठ्यापाशी, कुणाच्या उसात. रविवारी मुखेडला गेला की तो ठरवून जायचा, आज बापाला सांगायचं, ही नोकरी नको. तर एका रविवारी घरात उदगीरचे पाव्हणे बसलेले. मुलगी बघितलेली, पसंत झालेली, साखरपुडा दिवाळीनंतर ठरलेला. नोकरी लागली नसती तर ते पाव्हणे दारात चपला काढायला थांबले असते का? आईनं हातात चहाचा ट्रे दिला आणि तो गुमान पाव्हण्यांसमोर घेऊन गेला.

आणि मग करडवाडीचीच पाळी आली.

जळकोटहून आत, माळावरचं गाव. गावाला एकच बोअर मंजूर. मातंगवस्तीची विहीर आटून तळाला वाटीएवढं डबकं राहिलेलं. बायका दोरानं खाली उतरायच्या आणि वाटीनं घागर भरायच्या. रेवणसिद्ध दिवसभर उन्हात हिंडला, ओढ्याच्या वळणावर खडक तपासला आणि वस्तीच्या तोंडाशीच चुन्यानं फुली मारून भोवती दगड रचले.

पंचफुलाबाई नावाची बाई हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होती. पन्नाशीची असेल. वस्तीत तिचा शब्द चालायचा, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"हितं? आमच्या दारात?"

"हाव मावशी. उद्या गाडी येईल."

"आधीबी एक साहेब अशीच फुली मारून गेलता. पावसानं धुऊन गेली. पाऊस पडला तेवढाच फायदा झाला बघा त्याचा."

बायका खिदळल्या. तिनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. गढूळ, फडक्यानं गाळलेलं. ते कसं भरलं होतं हे त्यानं नुकतंच डोळ्यांनी बघितलं होतं. नको म्हणावं तर तिचा अपमान, प्यावं तर कुणाच्या तरी लेकराच्या तोंडचं. त्यानं पिलं.

"फुली तिथंच बोअर," तो म्हणाला. "शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी जळकोटच्या बसस्टँडवर भगवानरावांची जीप त्याला घ्यायला उभी. जीप वस्तीकडं न वळता सरळ भगवानरावांच्या मोसंबीच्या बागेत शिरली. बोअरची गाडी आधीच येऊन थांबलेली. चाकाला हळद-कुंकू, पुढं लिंबू-मिरची. सतरंजी अंथरलेली, गावातली पाच-पन्नास माणसं बसलेली.

"या या, रेवणसिद्ध साहेब!" भगवानरावांनी दंडाला धरून त्याला मधोमध नेलं. "ह्यो आपला पोरगा. नव्या जिल्ह्याचा नवा साहेब. आपल्या गावात पहिल्यांदा आला, मान व्हायला पाहिजे का न्हाई?"

"पाहिजे की!" माणसं म्हणाली.

आमच्याकडं एखाद्याला मारायचं असलं तर काठी लागत नाही, सत्कार पुरतो. डोक्याला फेटा बांधला की मान आपोआप ताठ होते, आणि ताठ मान नाही म्हणायला हलत नाही. रेवणसिद्धला आजवर कुणी फेटा बांधला नव्हता. शाल आली, हार आला, टाळ्या झाल्या. पेटीवर बसून बसून आंबलेल्या पोराला ते गोड लागलं, खोटं कशाला बोलायचं! मग कुणीतरी हातात नारळ दिला.

"फोडा साहेब. तुमच्या हातानं होऊ द्या."

त्याला वाटलं, गाडीची पूजा आहे. नवं काम, नवं चाक, नारळ फुटायचाच. समोर जमिनीत पुरलेला दगड होता. त्यानं जोर लावून नारळ आपटला, पाणी मातीत गेलं, माणसं "हर हर महादेव" म्हणाली. आणि ड्रायव्हर गुंडप्पानं गाडी मागं घेऊन मशीनचा दांडा बरोबर त्या दगडावर आणला.

"अहो, हितं न्हाई," रेवणसिद्ध पुढं झाला. "जागा वस्तीवर दाखवलीय."

"आता कसं जमंल, साहेब?" गुंडप्पा उदगीरचा, गाडीवरच म्हातारा झालेला. "नारळ फुटला तिथं बोअर. तुम्हीच फोडलाव. मागं एकदा नारळ फुटल्या जागेवरनं गाडी हलवली, तर पोराचा हात गेला मशीनमधी. मी न्हाई हलवणार बाबा."

"मी गाडीचा नारळ म्हणून फोडला!"

"गाडीचा काल उदगीरलाच फुटला की," भगवानराव हसत म्हणाले. "ह्यो भुईचा. एवढं शिकलाव आणि एवढं कळंना?"

सतरंजीवर हशा पिकला. रेवणसिद्धला वाटलं, खाली वाकावं, नारळाची भकलं उचलावी आणि लांब फेकून द्यावी. एवढंच तर होतं. तो वाकलाही. पण हात पुढं जाईना. भूगर्भशास्त्र नांदेडला राहिलं आणि मुखेडच्या घरातली आई मनगट धरून बसली. फोडलेला नारळ हलवायचा नसतो! स्वतःचा हात स्वतःचं ऐकत नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

तेवढ्यात बागेच्या कुंपणापाशी गलका झाला. वस्तीवरच्या बायका आल्या होत्या, पुढं पंचफुलाबाई. ती कुणाकडं न बघता सरळ आत आली. फेट्यातल्या रेवणसिद्धकडं एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं.

"चांगला दिसायलास," एवढंच म्हणाली.

मग वाकली आणि नारळाची दोन्ही भकलं उचलली. ती शिवली म्हणून भगवानरावांची माणसं दोन पावलं मागं सरली. सरावीतच, तिला तेच पाहिजे होतं. तिनं दगडावर आपटून खोबरं सोडवलं, एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, उरलेलं मागं बायकांना दिलं. सगळ्या जणी चावत उभ्या राहिल्या. पंचवीस-तीस बायकांच्या चावण्याचा आवाज त्या बागेत ऐकू येत होता.

"परसाद खाल्ला," पंचफुलाबाई ड्रायव्हरला म्हणाली. "पूजा संपली न्हवं, अण्णा? का अजून काही ऱ्हायलंय?"

गुंडप्पानं टोपी काढून डोकं खाजवलं. "परसाद वाटला म्हणजे संपलीच म्हणायची," तो म्हणाला. "आता साहेब सांगतील तिथं."

म्हणजे पुन्हा सगळं रेवणसिद्धवर. नारळाचं कारणसुद्धा उरलं नाही.

भगवानराव जवळ आले. आवाज अगदी मऊ. "बघा बुवा. बसलिंगप्पा लई आशेवर हाय. उदगीरचे पाव्हणे माझ्या ओळखीतलेच. मला काय, मोसंबी जळाली तर जळाली."

ह्याच्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं. रेवणसिद्धला बापाचा पेढ्याचा पुडा दिसला, आईचा ट्रे दिसला. आणि जिभेवर कालच्या गढूळ पाण्याची चव आली. त्यानं तोंड उघडलं, तेव्हा आवाज निघाला तो वर्गात उत्तर चुकलेल्या पोरासारखा.

"गाडी वस्तीवर घ्या."

"घ्या की," भगवानराव म्हणाले. रागावले नाहीत. जीपमध्ये बसले आणि गेले.

संध्याकाळपर्यंत वस्तीवर धुरळा उडत होता. मग धुरळ्याचा चिखल झाला, चिखलाचं पाणी झालं. बायका ओरडल्या, लेकरं त्या फवाऱ्यात नागडी नाचली. गुंडप्पानं बोअरच्या तोंडावर झाकण ठोकलं, हापसा बसवायला कचेरीची दुसरी माणसं येतील म्हणाला आणि गाडी घेऊन निघून गेला. रेवणसिद्ध जळकोटपर्यंत चालत गेला. चालताना त्याला वाटत होतं, उद्या काढून टाकतील. बरं होईल. सुटेन.

काढलं नाही. मोठ्या साहेबांनी हसून सांगितलं, "भगवानराव म्हणाले, पोरगा चांगला हाय, नोकरीवर ऱ्हाऊ द्या. फकत आता गावाला जायचं न्हाई. हितंच बसायचं."

तेव्हापासून तो पेटीवर बसून असतो. काम नाही. सकाळी यायचं, पेटीवर बसायचं, संध्याकाळी उठायचं. सोडून जावं तर घरी काय सांगायचं? जुलूम झाला म्हणावं, तर पगार चालू आहे. साखरपुडा थाटात झाला, भगवानराव पहिल्या पंगतीला होते आणि बसलिंगप्पानं त्यांच्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढलं. माणसाला उपाशी ठेवून कोंडता येतं तसं पोटभर जेवू घालूनही कोंडता येतं. दुसऱ्या कोंडण्याला कुलूप लागत नाही.

संक्रांतीच्या सुमारास एक दिवस व्हरांड्यात पंचफुलाबाई उभी.

"पाणी हाय, हापसा न्हाई," ती म्हणाली. "झाकणाला कान लावला की खाली पाणी ऐकू येतंय. आमी रोज कान लावून येताव आणि त्याच आटल्या विहिरीत उतरताव. तुमी सांगा की आत."

"मावशी, माझं हितं कुणी ऐकत न्हाई. मला कामच न्हाई." हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बापाला नाही, होणाऱ्या बायकोला नाही. "मी नुसता बसायलाव."

तिनं त्या पेटीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. कीव केली नाही. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मग सरक जरा," म्हणाली. "मीबी बसते."

आणि बसली. साहेबाच्या शेजारी, एका पेटीवर, मातंगवस्तीची बाई. कारकुनांच्या लेखण्या थांबल्या. शिपाई धावत आला, "ए बाई, ऊठ, ऊठ तिथनं!"

रेवणसिद्धनं त्याच्याकडं बघितलं. "राहू दे," तो म्हणाला. "हापसा बसेस्तोवर त्या हितंच बसणार हायेत. मीबी."

आतून मोठ्या साहेबांचा आवाज आला, "काय गोंधळ हाय रे बाहेर?"

पंचफुलाबाईनं पिशवीतनं भाकरी काढली, मोडली, निम्मी त्याच्या हातावर ठेवली. तो खाऊ लागला. आत खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला.