विहिरीजवळचा गुलाब

मी एक जुना गावठी गुलाब आहे. नॅन्सी लग्न होऊन मालाडच्या गावठाणात आली, तेव्हा तिने मला आईच्या अंगणातून आणून विहिरीजवळ लावलं. तेव्हा मी पेन्सिलीएवढी काडी होतो.

मित्रांनो, माझी फुलं लहान, पण वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. लोक मला मागायला यायचे. नॅन्सी स्वतः कात्रीने एक फांदी कापायची, ओल्या फडक्यात गुंडाळून द्यायची आणि म्हणायची, "फूट आली की सांगायला ये हां!" लोक सांगायला यायचे, चहा पिऊन जायचे. पुढे ती घरं पडली, माणसं लांब राहायला गेली. त्यांच्याबरोबर माझ्या फांद्याही गेल्या.

मागच्या वर्षी नॅन्सी वारली. फाटक वाजेनासं झालं. तिचा नवरा जॉनी सकाळी मला पाणी घालायचा आणि माझ्यापाशीच बसून चहा प्यायचा. कप एकच.

पाऊस संपत आला होता. एका दुपारी समोरच्या इमारतीतली सुलक्षणा आत आली. चोरलेलं रोप हमखास लागतं, असं तिने ऐकलं होतं. तिने माझा एक फुटवा मुळासकट ओढला. माती ओली होती. मी सगळाच उपटून आलो. तेवढ्यात जॉनी बाहेर आला.

"अगो, मागायचं ना!"

"मागितलेलं लागत नाही म्हणतात, अंकल."

"नॅन्सीने सगळ्या गल्लीला वाटला. सगळ्यांचा लागला. तुझ्यावरच काय रुसणार होता?"

ती खाली मान घालून गेली. तुटून आलेला फुटवा तिच्या हातातच राहिला. जॉनीने मला पुन्हा मातीत बसवलं, पण मी वाळलो. तरी तो त्या काटक्यांना रोज पाणी घालायचा. सुलक्षणाला ते खिडकीतून दिसायचं.

नाताळच्या आधी ती कुंडी घेऊन आली. "लागलाय, अंकल. घ्या, तुमचाच आहे."

जॉनी बराच वेळ पानांवरून बोट फिरवत राहिला. "अख्खं झाड कुणाचं नेऊ नये गो. नॅन्सी ओरडेल मला. एक फांदी देशील?"

त्याने नॅन्सीची कात्री तिच्या हातात दिली.

मित्रांनो, फांदी जगली की आम्ही जगतो. मी पुन्हा विहिरीजवळ आहे. मला पहिलं तांबूस पान फुटलं, त्या सकाळी जॉनी माझ्यापाशी बसलाच नाही. इस्त्रीचा शर्ट घालून तो समोरच्या इमारतीत सांगायला गेला.

कुणाच्या अंगणातलं जुनं झाड आवडलं, तर फाटक वाजवा. विचारा. एकच फांदी न्या. आणि ती जगली की सांगायला नक्की जा. आत कुणीतरी एकटं बसलेलं असतं.