मुनिबाची पसंती

आमच्या कोकणी मुसलमानांत मुलगी बघायला आलेल्या बायका चेहऱ्यावर विश्वास ठेवत नाहीत. तिथे पावडर असणारच. सरबताचा ग्लास देताना बाही वर सरकते, तेव्हा खरा रंग कळावा म्हणून त्या कोपर बघतात. सत्त्याण्णव साली आखातात, वादी कबीरच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी भाची मुनिबा दोनदा त्या कोपरावरून नापास झाली.

एका शुक्रवारी आम्ही किनाऱ्यावरच्या बरका गावी मासळी घ्यायला गेलो. तिथे दुकानात काम करणारा सादिक रत्नागिरीकडचा. ओल्या हातांनी तो सुरमई उचलत होता आणि मुनिबा बघत होती. परतताना गाडीत तिनं दोनदा विचारलं, पुढच्या शुक्रवारी पुन्हा येऊया का. मी काय ते ओळखलं. मीच त्याच्या घरी स्थळाचा निरोप धाडला.

सादिक आणि त्याची आई शहनाज यायच्या दिवशी मी मुनिबाला कोपरापर्यंत गोरेपणाचं क्रीम चोपडलं. माझ्या लग्नात माझ्या आईनं हेच केलं होतं. पण मुनिबा ट्रे घेऊन बाहेर आली ती चेहरा, हात, सगळं साबणानं धुऊन.

शहनाजनं नीट बघून घेतलं. मग मला म्हणाली, "माशाल्ला, काही लपवून ठेवलं नाही तुम्ही." आणि रीतीप्रमाणे मुलाकडे वळली, "काय रे, पसंत आहे?"

त्याच्या आधी मुनिबा बोलली. "मला विचारा ना. मला पसंत आहे."

माझ्या बहिणीनं ओढणीत तोंड लपवलं. शहनाजनं विचारलं, काय बघून पसंत?

"त्यांचे हात," मुनिबा म्हणाली. "आणि घासाघीस करणाऱ्या बायकांना ते हिणवत नाहीत."

सादिक कानापर्यंत लाजला. "अम्मी, मी हिच्याहून काळा," तो म्हणाला. "माझं कोपर कुणी बघितलं का?"

शहनाजनं सरबत संपवलं. मग निकाहची तारीख विचारली.

आमच्यातल्या नवऱ्या मुली निकाहात कबुली विचारायला आलेल्या वकिलासमोर पुटपुटतात, नाहीतर नुसती मान हलवतात. मीही हलवली होती. वकील तीनदा विचारतो, मुनिबानं पहिल्याच वेळी "कबूल" म्हटलं, तेही असं की पलीकडच्या खोलीतल्या पुरुषांचं बोलणं थांबलं. दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या, केवढी घाई झालीय हिला. मी म्हटलं, हो, झालीय.