कोणी राहत नाही

तिने कालचा आणि आजचा स्कीमा, म्हणजे फॉर्मच्या रकान्यांचे नियम, पडद्यावर शेजारी शेजारी लावला आणि एकेका ओळीवरून बोट खाली नेले. घराच्या नोंदीत ‘वस्ती आहे का’ या रकान्यापुढे ‘किमान एक’ असायला हवे होते. तिथे पुन्हा शून्य होते. म्हणजे रकाना कोरा सोडला तरी चालेल. कालच तर तिने ते दुरुस्त केले होते.

हा स्कीमा हाताने कोणी लिहीत नसे. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत घर, रस्ता, पूल अशा नकाशावरच्या एकेका प्रकाराचे वर्णन होते. तिचा प्रोग्राम ते वाचून एक्सएमएल स्कीमा तयार करी आणि पाहणीला फिरणाऱ्यांच्या फोनवरचे फॉर्म त्यानुसार चालत. तेव्हा कोणीतरी थेट मुळातच, जावामध्ये हात घातला होता. तोही सगळ्यांच्या सामायिक खात्यावरून, म्हणजे नाव गुलदस्त्यात. पुढे नदी चढली की याच नोंदी पाहून इशारे जाणार होते. जिथे वस्ती आहे, फक्त तिथे.

तिची नजर कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली. तो दुसऱ्या कार्यालयातून काही महिन्यांसाठी आला होता, म्हणून सगळे त्याला पाहुणा म्हणत. पाहुणा चहाला येत नसे. फोन वाजला की जिन्यात जाई. ती मागून गेली की त्याच्या पडद्यावर भलतेच काहीतरी उघडलेले असे.

“काल उशिरापर्यंत होतास का रे?” तिने विचारले.

“नाही, नेहमीसारखाच निघालो. का हो मॅडम?”

“सहज.”

त्याने मान खाली घातली, पण कीबोर्डवरची बोटे काही हलली नाहीत. तिने ते टिपून ठेवल्यासारखे पाहिले.

कोणीतरी गुपचूप स्कीमा बदलतेय, हे तिने साहेबांच्या खोलीत उभ्यानेच सांगितले. साहेबांनी चष्मा काढला.

“कोण असेल, तुमचा अंदाज?”

“पुराव्याशिवाय कसं सांगू?” ती म्हणाली. पण बोलता बोलता काचेपलीकडच्या त्या कोपऱ्याकडे पाहिल्यावाचून तिला राहवले नाही. साहेबांनीही तिकडे पाहिले आणि चष्मा परत लावला.

बाहेर आली तर कोपऱ्यातली खुर्ची रिकामी. ती पाय न वाजवता जिन्यापर्यंत गेली. खालच्या वळणावरून त्याचा दबका आवाज येत होता.

“ताई, आज पुन्हा केलंय. टिकलं तर तुझं काम होईल. कुणापाशी बोलू नकोस.”

“काय टिकलं तर?” ती वरूनच म्हणाली.

पाहुणा दचकला. फोन कानाला तसाच राहिला. मग हळूच तो खाली घेत त्याने स्पीकर लावला.

“ताई, मॅडम आहेत इथं. तूच सांग यांना.”

पलीकडे वारा होता आणि धापा टाकणारी एक बाई.

“मॅडम, मी नदीकाठची पाहणी करते. दिवसा लोक कामाला गेलेले असतात, दाराला कुलूप. फॉर्म विचारतो, वस्ती आहे की नाही. कोरं सोडलं तर पुढं सरकतच नाही. आणि ‘आहे’ म्हटलं की माणसं किती, नावं काय, सगळं विचारतो. ते कुठून आणू? मग ‘नाही’ दाबते. अंगणात दोरीवर कपडे वाळत असतात मॅडम, आणि मी लिहिते, कोणी राहत नाही.”

ती दोन पायऱ्या खाली उतरली.

“मला का नाही सांगितलंस?” तिने पाहुण्याला विचारले.

“आल्याआल्या सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, कोरे रकाने ठेवले की लोक आळशी होतात.”

असे आपण म्हणालो होतो का? हे वाक्य तर तिच्याच तोंडचे होते.

टेबलाशी परतून तिने नदीकाठच्या नोंदी उघडल्या. नाही, नाही, नाही. पडदा वर सरकत राहिला आणि अख्खा काठ निर्मनुष्य होत गेला. पाहुणा मागे उभा होता.

“मॅडम, तुम्ही साहेबांकडे काही बोलला नाहीत ना?”

तिची नजर काचेपलीकडच्या साहेबांकडे गेली. तेवढ्यात शिपाई आला.

“पाहुण्यांना साहेबांनी बोलावलंय. ओळखपत्र घेऊन या म्हणाले.”

पाहुणा खिशात ओळखपत्र शोधू लागला.

“तू बस,” ती म्हणाली.

ती सामायिक खात्यातून बाहेर पडली आणि स्वतःच्या नावाने आत शिरली. जावामधल्या घराच्या वर्णनात पाहुण्याच्या बदलाच्या जागी ‘माहीत नसल्यास कोरे चालेल’ अशी ओळ घातली, बदलाचे कारण नोंदवले आणि प्रोग्राम चालवला. नवा स्कीमा बाहेर पडल्याचे दिसताच ती उठली.

साहेब वाटच पाहत होते.

“तुम्ही कशा? मी त्याला बोलावलं होतं.”

“तो बदल माझ्या नावावर आहे, साहेब. बघा हवं तर.”

“आणि मघाशी तुम्हीच तर—”

साहेब थांबले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग हातांकडे, मग काचेपलीकडच्या कोपऱ्याकडे, आणि पुन्हा तिच्याकडे. ती नजर तिच्या चांगलीच ओळखीची होती; तीच तिने पाहुण्यावर रोखली होती.

“दार लावून घ्या,” ते म्हणाले, “आणि बसा.”