गाडीचे पाय

चष्मेवाल्याचा सगळा धंदा एका प्रश्नावर चालायचा. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, एक भिंग घालायचं, ते काढून दुसरं घालायचं आणि विचारायचं, "हं, हे बरं की आधीचं?" गिऱ्हाईक चाचरलं की त्याला आतल्या आत चीड यायची. बाबा रे, डोळे तुझे, तुलाच कळू नये? पण गाडीच्या चाकांची वेळ आली आणि हाच माणूस दोन महिने 'हे बरं की आधीचं' करत बसला, तेव्हा त्याच्या बायकोला जे हसू आलं ते तिने लपवायचा साधा प्रयत्नही केला नाही.

गाडी वडिलांची. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची, वर टप नाही. आता तसल्या गाड्या जुन्या गाड्यांच्या शर्यतीत नाहीतर कॅलेंडरवर दिसतात. त्याला कळायला लागल्यापासून ती घरामागच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, बिनचाकांची. आई लवकर गेली, वडील तो शाळेत असताना गेले. त्याला पुढे वाढवलं, शिकवलं, दुकानाला जागा बघून दिली ती मोठ्या बहिणीने, ताईने, रुग्णवाहिका चालवून. भोंगा वाजवत अर्ध्या शहराला रस्त्याच्या कडेला लावणारी ताई आता निवृत्त होणार होती. शेवटच्या दिवशी ती कामावरून बाहेर पडेल तेव्हा फाटकाशी वडिलांची गाडी उभी असेल, वडिलांच्या वेळी होती तश्शी, आणि तो तिला शेजारी बसवून घरी घेऊन येईल. एवढं एकच त्याला करायचं होतं, आणि ते तिला न सांगता करायचं होतं. शेडमधून गाडी हलवली तेव्हा त्याने तिला थाप मारली, की अडगळ काढतोय. ताई म्हणाली, "बरं झालं."

इंजिन झालं, रंग झाला, गाद्या झाल्या. चाकं जोडायचे आस गंजून पार कामातून गेले होते म्हणून मेकॅनिकने ते फेकून तसल्याच दुसऱ्या एका मोडक्या गाडीचे बसवले. म्हणजे आता 'बाई, तुझी चाकं कुठली होती' असं गाडीलाही विचारायची सोय उरली नाही.

चाकांच्या दुकानदाराने दोन चाकं काढून लाकडी फळीवर शेजारी शेजारी टेकवली. एक तारांचं, सायकलच्या चाकाचं श्रीमंत भावंड असावं असं, मधोमध दोन कानांचा मोठा नट. दुसरं दाबीव पत्र्याचं, कडेने गोल भोकं, मधे गुळगुळीत टोपी.

"कंपनी दोन्ही द्यायची. आस बदललेत, तेव्हा मला दोन्ही बसवता येतील," दुकानदार म्हणाला. "तुमच्या गाडीला कुठली होती?"

"तेच तर बघायचंय."

"बघा की. मी कुठे पळून चाललोय?"

चष्मेवाला आधी काकांकडे गेला. वडिलांचे धाकटे भाऊ, वय झालेलं, पण जुन्या गोष्टी विचारल्या की तासभर सोडायचे नाहीत. आज मात्र त्यांनी प्रश्न ऐकला आणि रेडिओचा आवाज वाढवला.

"तारांची होती. चोरीला गेली."

"चारही? एकदम?"

"चोर काय हप्त्याने चोरतो का रे? आणि आता कशाला उकरून काढतोस? घाल कुठलीतरी. गोल असली म्हणजे झालं."

मग आत्याला फोन केला. ती म्हणाली, तारांची कुठली, पत्र्याची होती, मधे टोपी होती, त्या टोपीत तोंड दिसायचं. आणि चोरीबिरी काही नाही, गंज लागला म्हणून दादाने विकून टाकली.

"काका तर चोरी म्हणतात."

"मग असेल चोरी," आत्या म्हणाली आणि तिला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं.

आता माणसाने करायचं काय? एक म्हणतो तारांची आणि चोरीला गेली, दुसरी म्हणते पत्र्याची आणि गंजली. चोरीला गेलेली चाकं गंजत नाहीत आणि विकलेली चाकं चोरीला जात नाहीत, एवढं त्यालाही कळत होतं. त्यापलीकडे मात्र काही कळत नव्हतं. रात्री डोळे मिटले की तारा फिरायच्या, कूस बदलली की भोकं. दुकानात त्याने एका आजोबांना चुकून त्यांच्या बायकोचा चष्मा दिला. आजोबा म्हणाले, छान दिसतंय, आणि तो आणखीनच गोंधळला.

शेवटचा आधार होता तो एका फोटोचा. आईने रस्त्याच्या कडेला उभं राहून काढलेला, कृष्णधवल, कोपरा दुमडलेला. गाडी समोरून भरधाव चाललेली. पण आईचा हात हलला असावा किंवा गाडीच जोरात असावी. चाकांच्या जागी नुसते राखाडी धुक्याचे गोळे. काचेवर ऊन चमकल्याने चालवणाऱ्याचा चेहराही गेलेला. चष्मेवाल्याने दुकानातलं सगळ्यात जाड भिंग आणलं. जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली तो त्या धुक्यात तारा शोधायचा. एक दिवस दिसायच्या, दुसऱ्या दिवशी नाही.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. चाकपुराण ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

"दाखव इकडे," ती म्हणाली. तिने भिंग घेतलं नाही. फोटो हाताच्या अंतरावर धरला, एकदा बघितला, आणि विचारलं, "तुझ्या बाबांना वेणी होती का?"

"काय?"

"ही बघ. मागे उडतेय ती. मफलर नाही, वेणीच आहे."

चष्मेवाल्याने फोटो हिसकावून घेतला. वेणीच होती. चांगली जाड, खांद्यावरून मागे उडालेली. महिनाभर तो या फोटोतल्या बोटभर धुक्यात नाक खुपसून बसला होता आणि त्याच्या वरच्या अंगाला गाडी कोण चालवतंय हे त्याने बघितलंच नव्हतं. आई? पण फोटो काढणारी आई. मग राहिली कोण?

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बायको म्हणाली. "सगळ्यांना विचारलंस. ताईंना विचारलंस?"

"तिला कसं विचारणार? तिला तर..." आणि तो थांबला. ताई ही गाडी चालवायची? मग तिने ते कधी सांगितलं कसं नाही? या गाडीबद्दल ती कधीच काही बोलली नव्हती, हे त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं. त्याला आपल्याच घरात पाहुणा असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी चाकांच्या दुकानात आणवली आणि ताईला त्या पत्त्यावर बोलावलं. ती ड्युटीच्या कपड्यांतच आली. चकचकीत गाडी बघून ती दारातच थांबली. मग जवळ आली, पण हात लावला नाही.

त्याने सगळं सांगून टाकलं. शेवटच्या दिवसाचा बेत, काका, आत्या, फोटो. फोटो तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "चाकं कुठली होती ते कळेना, म्हणून तुला... ही तू आहेस ना?"

ताईने फोटो बराच वेळ बघितला. "बाबांची गाडी म्हणून ही घेऊन मला आणायला येणार होतास?"

"हो."

"आणि चालवणार कोण? तू?"

दुकानदार उगाचच एक नट पुसत बसला.

"बाबांनी घेतली, पण त्यांना कंबरेच्या दुखण्यामुळे तीत बसता यायचं नाही," ताई म्हणाली. "चालवायचे मीच. आईला घेऊन फिरायचे. तारांचीच होती चाकं, काका खरं बोलले तेवढं. दर सुट्टीच्या दिवशी एकेक तार दात घासायच्या ब्रशने मी घासलीय. आई गेल्यावर मला दुसऱ्या शहरात नोकरी लागत होती. ड्रायव्हरचीच. बाबा म्हणाले, आपल्या घरातल्या मुली दुसऱ्यांच्या गाड्या हाकत नाहीत. मी म्हटलं, सकाळी मी निघतेय. ह्याच गाडीने."

"मग?"

"ह्या नटावर हातोडीचा एक घाव घातला ना, की सुटतो. चाक हातात येतं." तिने तारांच्या चाकाच्या मधल्या नटाच्या कानावर बोट ठेवलं. "रात्री मला अंथरुणात चार घाव ऐकू आले. मला वाटलं, सकाळी लांब जायचंय म्हणून बाबा चाकं घट्ट करतायत. मला बरं वाटलं रे तेव्हा. सकाळी बघते तर गाडी ठोकळ्यांवर. आणि गाडी ठोकळ्यांवर चढवायला दोन माणसं लागतात."

काकांनी रेडिओ का मोठा केला ते आता त्याला कळलं. आत्याने गॅस का आठवला तेही कळलं. एकाने चोरी सांगितली, दुसरीने गंज, आणि दोघांपैकी कुणी ताकास तूर लागू दिली नव्हती.

"तू दारात उभा होतास," ताई म्हणाली. "एवढासा. मला म्हणालास, ताई, गाडीचे पाय कुठे गेले? मी म्हटलं, दुरुस्तीला. दोन वर्षांनी बाबा गेले, तेव्हा कुठे मी इथेच रुग्णवाहिकेवर लागले."

"आणि एवढी वर्षं तू मला काहीच..."

"काय सांगू? तू शाळेतून आलास की शेडमध्ये जाऊन बसायचास. त्या गाडीवर हात फिरवायचास. माझ्या बाबांची गाडी, माझ्या बाबांची गाडी. तुझ्याकडे त्यांचं दुसरं होतं काय? त्यांनी माझी चाकं काढली, म्हणून मी तुझा बाप काढून घेऊ?"

चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि पुसत राहिला. भिंगं स्वच्छ झाली तरी पुसत राहिला. रडू येत होतं आणि रागही येत होता; बाबांचा, काकांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. दोन महिने त्याने ताईसाठी चाकं शोधली होती, आणि ताईला काय हवं हे त्यानेही विचारलं नव्हतं. बाबांनी तरी दुसरं काय केलं होतं?

"ताई," तो म्हणाला, "तू सांग. तुला कुठली हवीत?"

ताईने दोन्ही चाकांकडे बघितलं. तारांच्या चाकाला तिने हलकेच फिरवलं. तारा चमकल्या, पुसट झाल्या, धुकं झाल्या. मग ती दुकानदाराकडे वळली.

"ह्यातलं काढायला अवघड कुठलं?"

दुकानदाराने पत्र्याच्या चाकावर हात ठेवला. "हे. एकेक बोल्ट पाना लावून सोडवावा लागतो. घाईत कुणाला जमायचं नाही. आणि कुलपाचा बोल्ट घातला, तर किल्लीशिवाय निघतच नाही."

"मग हीच बसवा," ताई म्हणाली. "आणि ती किल्ली माझ्याकडे द्या."

ताईच्या शेवटच्या दिवशी गाडी फाटकाशी उभी होती. ताई बाहेर आली, हातात पिशवी, मागे हात हलवणारे सोबती. चष्मेवाल्याने मनात कितीदा तरी घोकून ठेवलं होतं तसं शेजारच्या सीटचं दार अदबीने उघडून धरलं. ताई त्याच्याकडे बघत तशीच उभी राहिली. त्याला क्षणभराने उमजलं. मग त्याच दारातून तो स्वतः आत शिरला, आणि ताई वळसा घालून पलीकडे गेली.

"दार ओढून घे नीट," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.