चिसेचं वय

चहाच्या पेल्याच्या काठाला खोडरबराचा एक काळपट कण चिकटला होता, आणि कुझुमीची नजर त्यावरून हलत नव्हती... समोर चित्रकार मिनोबे, सगळ्यांचे 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, बसले होते, आणि साप्ताहिकातली त्यांची चित्रकथा आता बंद होणार हे त्यांना सांगायचं होतं. वाचकांचा कौल घसरत गेला होता, वरून निर्णय झाला होता, आणि निरोप घेऊन शहराच्या कडेच्या नेरिमातल्या या घरी तिलाच यावं लागलं होतं, कारण पहिल्या भागापासून तीच त्यांची संपादक होती.

तिनं सांगितलं. सेन्सेईंनी मान हलवली, एवढंच.

कथेतल्या मुलीचं नाव चिसे. त्यांची खरी मुलगी चिसे सात वर्षांची असताना तापानं गेली होती. प्रकाशनसंस्थेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. कागदावर मात्र ती दर वसंतात वर्षानं मोठी होत आली — शाळा बदलली, केस कापले, आईशी भांडली — आणि आता एकोणीस वर्षांची होती. शेवटच्या भागात तिचं मरण दाखवायचं नाही, एवढं तरी वरिष्ठांकडून मागून घेऊ, असं कुझुमी मनाशी म्हणत होती, तोच सेन्सेईंनी विचारलं, "तिला लांबच्या गावी नोकरीला लावू का? म्हणजे घरी येत नाही याचं कुणाला नवल वाटायचं नाही."

सोललेल्या पर्सिमन फळांची बशी घेऊन त्यांची बायको तोकिको आत आली होती. इतक्या वर्षांत ती या कथेबद्दल एक अक्षर बोलली नव्हती.

"संपतेय ते बरंच आहे," ती म्हणाली. "सुरुवातीला ती आमची होती. मग बोलायला लागली. आमची चिसे अबोल होती, कुझुमीसान. ही हसण्याआधी नाक ओढते, बोलताना मधेच थांबते... तुमच्यासारखी. मी दर आठवड्याला वाचायचे, आणि तुम्हीच दिसायचात."

आवाजात राग नव्हता. तिनं बशी पुढं सरकवली. सेन्सेई खिडकीकडे बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत.

परतताना कोबीच्या शेतांमधून चालताना कुझुमीला त्या बैठका आठवत राहिल्या — कच्ची पानं पसरलेली, आणि आपण म्हणतोय, चिसे असं नाही बोलणार, ती म्हणेल... आणि ते वाक्य आपण मोठ्यानं म्हणून दाखवतोय, सेन्सेई मान खाली घालून लिहून घेताहेत. कुणाच्या रिकाम्या जागेवर बसले होते मी? आणि बसवलं कुणी? की त्या मुलीनंच मला असं बोलायला लावलं... कारण ही कथा सुरू होण्याआधी मी कशी बोलायचे, कशी हसायचे, हे काही केल्या आठवेना.

स्टेशनपाशी मुख्य संपादकांचा फोन आला. सेन्सेईंनी कसं घेतलं, असं ते विचारत होते. तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पुढच्या महिन्यात शेवटचा भाग छापून जाईल, आणि मग माझ्या तोंडून कोण बोलणार आहे... पलीकडून हॅलो, हॅलो ऐकू येत होतं.